दुसऱ्यांच्या मुलांचे अण्णा

अण्णा, मला तुमचा राग येतो. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तो उतरत नाही. दर रविवारी सकाळी आपल्या घरी तुमची पोरं हजेरी द्यायला यायची. कुणी खिसा कापलेला, कुणी सायकल चोरलेली. कोर्टाने त्यांना तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेलं असायचं, आणि प्रोबेशन ऑफिसर म्हणून त्यांच्यावर नजर ठेवायची ती तुम्ही. आई त्यांना स्वयंपाकघरात बसवून पोहे द्यायची आणि तुम्ही विचारायचात, कामावर जातोस ना, घरी भांडत नाहीस ना. आम्हाला सांगायचात, "एकदा आत पाठवलं की पोरगं तिथलंच होतं. घरी ठेवूनच सुधारायला हवं." मला वाटायचं, माझ्या वडिलांसारखा शहाणा माणूस कलकत्त्यात नाही.

मग सत्तर सालच्या सुमारास दादा पोलिसांना सापडला. बी.कॉम.ला असलेला आपला दादा, खिदिरपूरच्या गोदीतून कुणीतरी लांबवलेला ट्रान्झिस्टर एस्प्लनेडच्या फुटपाथवर विकताना. त्याची चौकशी तुमच्याकडे नको म्हणून दुसऱ्या ऑफिसरकडे दिली, ते रास्तच होतं. ते गृहस्थ घरी आले आणि तुम्ही लोकांच्या घरी जाऊन जे विचारायचात तेच त्यांनी तुम्हाला विचारलं. मुलाला घरी ठेवून घ्याल? त्याच्यावर लक्ष ठेवाल? 'हो' एवढंच म्हणायचं होतं. तुम्ही म्हणालात, "माझ्या मुलाबद्दल मी काही बोलणार नाही. उद्या लोक म्हणतील, स्वतःच्या पोराला सोडवलं." लोक! कोणते लोक, अण्णा? आई दाराशी उभी राहून ऐकत होती.

कोर्टात तीच उभी राहते. पुण्याहून लग्न करून आलेली, बाजारापुरतं बंगाली येणारी बाई. मॅजिस्ट्रेट विचारतात, "छेलेर शिक्षा कोतोदूर?" मुलगा किती शिकलाय, एवढंच. बंगालीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे तिच्या घाबरलेल्या डोक्यात शिरतच नाही. ती हात जोडते. "हुजूर, शिक्षा देबेन ना!" म्हणजे, मुलाला शिकवू नका. सगळं कोर्ट हसतं. तुम्ही मागच्या बाकावर बसलेले. जन्म कलकत्त्यातला, आपल्यात तुमच्याइतकं चोख बंगाली कुणालाच येत नव्हतं. तुम्ही उठला नाहीत. दादाला सहा महिन्यांची कैद झाली. परत आला तो ताटाभोवती हात धरून जेवणारा, मागून कुणी गेलं की दचकणारा. कॉलेजात पुन्हा गेला नाही. आत काय झालं, हे तुम्ही त्याला एकदाही विचारलं नाहीत. रविवारी मात्र दुसऱ्यांची पोरं येतच राहिली. आईने पोहे करणं बंद केलं.

हे पत्र कुठे पाठवणार? दादालाही दाखवणार नाही. तो आता म्हातारा झालाय, आणि घरी कुणी आलं की तुमच्या फोटोकडे बोट करून सांगतो, "आमच्या अण्णांनी कितीतरी पोरांना तुरुंगापासून वाचवलं." ओरडून सांगावंसं वाटतं, अरे, तुला नाही वाचवलं! पण मी गप्प बसते. कारण ते ऐकताना मला तुमचा अभिमान वाटतो, अण्णा, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.