पेटतं टोक आत

३ डिसेंबर
नाही, मला हेवाबिवा काही नाही. धाकट्या जावेच्या, पैडितल्लीच्या, पोरानं दुबईहून धुराचं यंत्र, ती विजेची सिगारेट, आणलं, तर आणलं. ती आता ओसरीवर बसून आंब्याच्या वासाचा धूर सोडते आणि अर्ध्या बाया सुकट निवडायची सोडून तिच्यापुढे. माझी पोरगी सत्यवतीसुद्धा! म्हणे, "बघ आई, काकूंनी चुट्टा सोडला." सोडला कसला. होडीमागे जाऊन ती जाडी तंबाखूची विडी ओढतेच. मला वास येत नाही होय?

५ डिसेंबर
गेले एकदाची तिच्या ओसरीवर. मागितलं नाही हां, तिनंच यंत्र पुढे केलं. मी सवयीनं उलटं धरलं — दिवा लागतो ते टोक तोंडात. आम्ही बाया चुट्टा असाच ओढतो, पेटतं टोक आत. समुद्राचा वारा विझवत नाही, राख मासळीत पडत नाही. पैडितल्ली हसून लोळली. "अगं अक्का, हा काय चुट्टा आहे? सरळ धर की!" सगळ्या हसल्या. सत्यवती पण.

६ डिसेंबर
चिंचेतल्या मासळीचा पुलुसू केला होता. जेवले नाही.

१५ डिसेंबर
मासळीच्या ट्रकवाल्याकडून मीही एक यंत्र आणवलं. बंदी आहे म्हणे, लपवून आणलं. माझा धूर तिच्यापेक्षा मोठा. चुट्टा काही कमी झाला नाही. दोन्ही चालू.

२ जानेवारी
शाळेत बायांची तोंडं तपासायला डॉक्टरीण आली. मी जाणार नव्हते. पण पैडितल्ली गेली, मग मी का मागे? डॉक्टरीण तिला म्हणाली, "यंत्रानं चुट्टा सुटला नाही ना? मग दोन्हींचं विष पोटात चाललंय." बरी जिरली. बॅटरी मारून बघितलं नि सोडलं तिला.
माझ्या तोंडात मात्र किती वेळ बघत होती. दुसऱ्या डॉक्टरला हाक मारली. दोघं वाकले. टाळूवर हा चट्टा कधीपासून, तिखट झोंबतं का — सगळं विचारलं. टाळूचा तुकडा काढून तपासायचाय, विशाखापट्टणला मोठ्या दवाखान्यात बोलावलंय. गाडी पाठवणार. पैडितल्लीला नाही.
बाहेर आल्यावर सांगितलं तिला, "माझ्यासाठी दोन डॉक्टर लागले."

१९ जानेवारी
कॅन्सर निघाला. टाळू कापणार. दवाखान्यात माझ्याजवळ राहायचं म्हणून पैडितल्ली पिशवी भरून दारात बसलीये. कुणी बोलावलं तिला? आता मी काही लिहिणार नाही.