कबुतरांचा तांदूळ

शुक्रवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. शेजारच्या काकूंचे दोन फ्लॅट, आगाशीला वाडी, तरी जुन्या रेशनकार्डावर तांदूळ चालूच. तो काकू गच्चीवर कबुतरांना घालतात. "सरकार देतंय, सोडायचं कशाला?" म्हणे. दुकानात अंगठा लावतात काकू आणि पिशवी उचलून जिने चढते सुनीता, आमच्या दोघींकडे भांडी घासणारी. तिला स्वतःला रेशन नाही, कारण तिचा तुळिंजचा खोलीमालक भाड्याचा कागद करून देत नाही. पत्त्याचा पुरावा हवा म्हणे. कबुतरांकडे कुणी मागितला?

मी काकूंशी भांडायला निघाले, तर सुनीताच आडवी आली. "ताई, नका बोलू. माझं काम जाईल." परत फिरले. काय करायला हवं होतं?

सकाळी गच्चीवरचा उरलेला तांदूळ झाडायला तीच जाणार.