चौदा तारखेचा खुलासा

७ एप्रिल १९६२, शनिवार. यवतमाळ, गावाबाहेरची आमराई. दुपारी ३.

वणी सोडून सहा मुक्काम झाले. पोहरादेवी अजून सहा दिवस. रामनवमी १३ ला. सर्व काही प्रोग्रॅमप्रमाणे. डाव्या टाचेला एक फोड, उजव्या टाचेला दोन. टोपी करंजीला राहिली.

ही रोजनिशी फक्त माझ्यासाठी आहे. तेव्हा खरं तेच लिहायचं, असा ठराव पहिल्या पानावर केला आहे. पहिलं पान भिजल्यामुळे वाचता येत नाही. पण ठराव आहे.

पायी का निघालो याचीही नोंद असावी. पित्त. चालल्यानं पित्त उतरतं असं एका पुस्तकात आहे. बोरीच्या तांड्यातले सतरा बंजारे पोहऱ्याला निघालेच होते. मी रजा टाकली आणि त्यांच्यात सामील झालो. तांडा माझ्याच सर्कलमधला, हा निव्वळ योगायोग. सौ. म्हणाली, देव नाही, नवस नाही, कायले जाता? पित्त म्हणालो. ती म्हणाली, हे पित्त नोव्हेंबरातच कसं सुरू झालं? बायकांना महिने नको तितके लक्षात राहतात.

मी हिवतापाच्या खात्यात. हुद्दा लहान आहे. तांड्यात मला डॉक्टर म्हणतात. दुरुस्त करायला अजून वेळ मिळालेला नाही.

वाटेत एक काम उरकायचं आहे. मानीबाईंना एक तांत्रिक खुलासा करायचा आहे. त्यांचे यजमान डोंगरसिंग नोव्हेंबरात तापानं गेले. त्या बाबतीत माझी बाजू स्वच्छ आहे. फक्त ती त्यांना नीट समजावून सांगायला पाहिजे. दहा मिनिटांचं काम. उद्या.

सवयीप्रमाणे निघताना माणसं मोजली. मी धरून अठरा. पाच मैलांवर पुन्हा मोजली. एकोणीस. स्वतःला दोनदा धरलं असणार.

८ एप्रिल, रविवार. सकाळी ५.

लाडखेडला सुखरूप पोचलो. पाय ठणठणीत. मानीबाईंना खुलासा केला. त्यांना पूर्ण पटला.

तोच दिवस. संध्याकाळी ६.

वरची नोंद निघण्यापूर्वीच करून ठेवली होती. लाडखेड अजून दोन कोस आहे. उजवा पाय सुजला. खुलासा झाला नाही. मानीबाई पुढे होत्या, मी मागे होतो. मग त्या थांबल्या, तेव्हा मी पुढे गेलो.

आगाऊ नोंद करणं यात गैर काही नाही. आमच्या कामात ते करावं लागतं. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी जायचं. कुणाला ताप आहे का विचारायचं. असला तर बोट टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, चार गोळ्या द्यायच्या. आणि दाराशेजारच्या भिंतीवर चौकट आखलेली असते, तीत तारीख टाकून सही करायची. वरचे साहेब येतात ते चौकट पाहून जातात. बोरीचा तांडा वणीपासून अकरा मैल, शेवटचे चार जंगलातून. तेव्हा ३१ ऑक्टोबरला गेलो होतो, तेव्हाच १४ नोव्हेंबर हीही तारीख टाकून ठेवली. कुणी आजारी नव्हतं. पुढेही नसणार असा अंदाज होता.

१४ ला मी ऑफिसच्याच कामानं वणीत होतो. त्यानंतर पित्तामुळे बोरीला जाणं झालेलं नाही.

९ एप्रिल, सोमवार. लाडखेड. सकाळ.

इथल्या भिंतींवर आमच्या खात्याच्या चौकटी आहेत. इथल्या माणसाचं अक्षर फारच वाईट. दोनचा आकडा बदकासारखा काढतो. सात-आठ घरं पाहिली. सगळीकडे बाकीच्या तारखांत १४/११ आहेच. सरकारी पंधरवडा सगळ्या जिल्ह्याला एकच, तेव्हा यात नवल काही नाही. तरी घरोघरी तीच तारीख दिसते हे डोळ्यांना बरं नाही.

एका घरची बाई म्हणाली, तो मलेरियावाला आला तवाच माह्या पोराले ताप होता, गोळ्या देल्ल्या, दोन दिवसांत पोरगा उठून बसला. मी तिला काहीही विचारलं नव्हतं.

१४ ला पेन्सिली आणायच्या होत्या. ऑफिसचंच काम ते.

तोच दिवस. दारव्ह्याच्या रस्त्यावर. दुपार.

पुढे एक माणूस चालतो आहे. लाल पागोटं. डावा खांदा जरा खाली. आपल्यातला नाही. मी वेग वाढवला तरी अंतर तेवढंच. बसलो, तर तोही उभा राहिल्यासारखा वाटला. किसनसिंगला विचारलं. हा डोंगरसिंगचा धाकटा भाऊ, आमची बंडी हाकतो. तो म्हणाला, "कोनता मानूस, डाक्टर साहेब? पुढं तं कोनीच नाही."

पित्तात डोळ्यांपुढे आकृत्या येतात. पुस्तकात आहे.

डोंगरसिंगचा डावा खांदा जरा खाली होता.

१० एप्रिल, मंगळवार. दारव्हा.

बाजाराजवळ मुक्काम. पोट ठीक. मनाची स्थितीही ठीक.

मानीबाईंबद्दल एक गोष्ट लक्षात आली आहे. रोज पहिली भाकर त्या मलाच देतात. सावलीची जागा मला ठेवतात. पाण्याची कळशी आधी माझ्यापुढे येते. काल माझे फोड पाहून कसला तरी पाला वाटून लावला. शिकलेल्या माणसाची किंमत या लोकांना आहे, हे मी नेहमीच म्हणत आलो. आज भाकरीवर तूप जरा जास्त होतं. मनात भलताच संशय आला. थोडा वेळ भाकरीकडे पाहत बसलो. मग खाल्ली. चांगली होती.

वाढताना त्यांचे दंड दिसतात. तांड्यातल्या बायका मनगटापासून दंडापर्यंत पांढरे चुडे घालतात. नवरा गेला की दंडावरचे उतरवतात. मानीबाईंच्या दंडावर तिथली कातडी अजून फिकट आहे. पाच महिन्यांचं ऊन लागूनही रंग चढलेला नाही. मी त्यांच्याशी बोलताना बहुतेक बंडीच्या चाकाकडे पाहतो.

आज खुलासा करायचाच असं ठरवलं होतं. पण बाजारात गडबड फार. अशा गोष्टी शांत जागी बोलाव्या.

सहज आठवलं ते लिहितो. पहिल्यांदा तांड्यावर गेलो तेव्हा सुईला भिऊन सगळे पळाले होते. डोंगरसिंग एकटा पुढे आला. बोट पुढे केलं आणि ओरडून सगळ्यांना म्हणाला, पाहा, मुंगी चावल्यासारकं हाये. त्यानंतर दर खेपेला आधी त्याचंच बोट. ताप नसला तरी.

११ एप्रिल, बुधवार. दारव्हा ते दिग्रस, वाटेत.

एक धक्कादायक माहिती मिळाली. किसनसिंगला वाचता येतं. मैलाचा दगड आला आणि तो बंडीवरूनच मोठ्यानं म्हणाला, दिग्रस नऊ. मी विचारलं, कसं कळलं? म्हणाला, चवथी झालो ना साहेब, आकडे तं येतेच.

बोरीच्या तांड्यात कुणालाही वाचता येत नाही, अशी माझी समजूत होती. रजिस्टरातही तसंच लिहिलं आहे. मीच लिहिलं आहे.

मग दिवसभर बंडीपासून अर्धा फर्लांग मागे चाललो. धूळ टाळण्यासाठी.

लाल पागोटं आज मागे आहे. मी वळून पाहिलं नाही. तरी आहे.

१४ ला पेन्सिली दुकानात नव्हत्या. मग मेव्हण्याकडे जेवायला गेलो होतो. जेवणं हा काही गुन्हा नाही.

ठराव: उद्या सकाळी, पहिल्या विहिरीपाशी, मानीबाईंशी बोलणे. सबब चालणार नाही.

१२ एप्रिल, गुरुवार. दिग्रसच्या पुढे. दुपार.

पहिल्या विहिरीवर पाणी खराब होतं. दुसऱ्या विहिरीवर बायकांची गर्दी. तिसऱ्या विहिरीपाशी मी लिंबाखाली पाय सोडून बसलो होतो, आणि मानीबाई स्वतःच येऊन समोर बसल्या. म्हणाल्या, "साहेब, एक इचारू? राग नका मानू." मी म्हणालो, विचारा.

"तुमी त्या चौदा तारखेले काहून नाही आले?"

मी प्रोसीजरपासून सुरुवात केली. पंधरवडा म्हणजे काय, सर्कल म्हणजे काय, चौकट कशासाठी. त्यांनी मधे तोंड घातलं नाही. मी थांबलो तेव्हा म्हणाल्या, "किसननं भिंतीवरचं वाचलं होतं. तो म्हने, साहेब चौदाले येतो असं लिहून गेले. याईले बाराले ताप भरला. हुडहुडी अशी, का खाट हाले. किसन म्हने बंडी जुपतो, वणीच्या दवाखान्यात नेतो. तं हेच म्हने, कायले बैलं थकवता? परवा साहेब येऊनच राह्यले. त्याईनं लिहून देल्लं हाये."

मी बंडीच्या चाकाकडे पाहत होतो. बंडी तिथे नव्हती. ती पुढे गेली होती.

त्या सांगत राहिल्या. चौदाला डोंगरसिंगनं खाट अंगणात टाकायला लावली. वाटेकडे तोंड करून पडून होता. दिवसभर. कुत्रं भुंकलं, की मान उचलायचा. बोट धुवून ठेव म्हणाला, साहेबायले सुई लावाले. पंधराला पहाटे बंडी निघाली. जंगलाच्या बाहेर पडली नाही.

मी भेट झाली म्हणून लिहिलं होतं. त्यांनी भेट होणार म्हणून वाचलं. पाच महिने मी एवढंच धरून चाललो होतो, की मी गेलो नाही. जे गेले नाहीत असे पुष्कळ आहेत. पण बंडी जुपली जात होती, आणि ती माझ्या अक्षरानं थांबवली.

हे मी त्याच वेळी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण त्याच आधी बोलल्या, आणि इतक्या हळू की मला पुढे झुकावं लागलं.

"मी तवाच म्हटलं होतं, साहेबायले बी तापच आला असंन. नाही तं लिहून देनारा मानूस येत नाही, असं कसं होईन? तांड्यात कोनी कोनी वंगाळ बोलले तुमाले. मी म्हटलं, नाही. तो मानूस बी पडला असंन कोठी तरी. आला होता ना ताप?"

हो म्हणालो.

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. डोळ्यांना पदर लावला. मग माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, आजच ताप आल्यासारखा.

"तुमच्यापाशी गोळ्या होत्या म्हनून बचले."

हो म्हणालो.

१३ एप्रिल, शुक्रवार. रामनवमी. पोहरादेवी.

पोचलो. जिल्ह्याची हद्द काल मागे पडली. गर्दी अफाट. पांढरे झेंडे, लाल झेंडे. धुरानं आकाश दिसत नाही.

मानीबाईंचे नवस दोन होते, हे आज कळलं. एक डोंगरसिंगच्या नावानं. दुसरा माझ्या. साहेब बचले असतील तर त्याईले घेऊन पायी येईन, असा. मला यात्रेला बोलवायला त्यांनीच किसनसिंगला पाठवलं होतं. माझी अशी नोंद होती, की मी स्वतःहून आलो.

सेवालाल महाराजांच्या समाधीपाशी भोग लावतात. निखाऱ्यावर गूळ-गव्हाची लापशी आणि वर तूप. ठराव केला होता, की तूप पडण्याआधी सांगायचं. सगळ्या तांड्यासमोर. शब्दही ठरवले होते. पहिला शब्द "मी".

मानीबाईंनी तुपाची वाटी माझ्याच हातात दिली. बचलेल्या माणसाच्या हातानं जाऊ दे म्हणाल्या. किसनसिंगनं माझं कोपर धरलं. सतरा जणांनी माना खाली घातल्या. मी "मी" म्हणालो. धूर नाकातोंडात गेला, खोकला आला. तूप पडलं. ज्वाळ वर आली, तशी सगळे ओरडले.

खोकला थांबल्यावर माझी पाठ चोळणाऱ्या बायका चार-पाच होत्या. अजून बरा नाही हा, असं त्यांचं मत पडलं.

१४ नोव्हेंबरला दुपारी मी झोपलो होतो. मेव्हण्याकडे वांग्याची भाजी झकास झाली होती. चार भाकरी झाल्या. चार वाजता उठलो. चहा घेतला. झोप चांगली लागली होती. हे इथे लिहून ठेवतो.

माणसं मोजली नाहीत.

१४ एप्रिल, शनिवार. परतीच्या वाटेवर, दिग्रसच्या अलीकडे. दुपार.

यष्टीनं जायचं ठरवलं होतं. कुणी ऐकलं नाही. तापातून उठलेल्या माणसानं एकट्यानं जायचं नाही, असं किसनसिंग म्हणाला. चालायचंही नाही. बंडीतलं सामान बायकांनी डोक्यावर घेतलं आणि मला आत झोपवलं. मी म्हणालो, मी ठणठणीत आहे. मानीबाई म्हणाल्या, "हे बी असंच म्हनत होते."

मी आडवा झालो.

अंगावर जाड गोधडी. ऊन असं, की बैलांच्या तोंडाला फेस आला आहे. मानीबाई बंडीची दांडी धरून अनवाणी चालत आहेत. जातानाही अनवाणीच होत्या, हे माझ्या आजच लक्षात आलं. मधूनच गोधडीखाली हात घालून माझा पाय चाचपतात. दहाच्या सुमारास मला घामाच्या धारा लागल्या. त्यांनी ते पाहिलं आणि पुढे धावत गेल्या. किसन, घाम सुटला! ताप उतरून राह्यला! किसनसिंगनं बंडी थांबवली. सगळे गोळा झाले. म्हाताऱ्यांनी माझ्या पायाला हात लावले. मी डोळे मिटून घेतले, कारण आजारी माणसं तसं करतात.

मग ठरवलं, की दिग्रसला सांगू. आता वाटतं, दारव्हा बरं. तिथे गर्दी असते, माणसं लवकर पांगतात. यवतमाळला तर उतरूनच सांगता येईल.

आता सगळे नाल्याकाठी जेवायला बसले आहेत. मला तांदळाची पेज मिळाली. भाकरी आजाऱ्याला चालत नाही. एवढ्यात दोनदा गोधडी काढायला हात उचलला. दोन्ही वेळा मानीबाईंनी ती माझ्या गळ्यापर्यंत ओढली आणि कडा नीट आत खोचल्या.

त्या हात धुऊन बंडीकडे येत आहेत. वही मिटतो. त्या यायच्या आत गोधडी मीच ओढून घेतली आहे.