ढमीचे गुडघे

मंगळवार, ४

झालं! कुत्रीसुद्धा माझ्याच गळ्यात. नवरोबा तीन महिने दुसऱ्या शहरात, कंपनीचं काम. आणि बॅग भरता भरता म्हणतात कसे — ‘बाबांना ढमी भेटवून आणत जा. मंगळवार-शुक्रवार. तेवढंच त्यांना बरं वाटतं.’ बाबा म्हणजे माझे सासरे. मांडीचं हाड मोडलं तेव्हापासून वृद्धनिवासात आहेत. हट्टाने गेले, घरी कुणाला त्रास नको म्हणून! आता त्रास कुणाला होणार ते दिसतंच आहे.

मला बघून त्यांना बरं वाटत असतं तर एक वेळ गेले असते आनंदाने. पण लग्नाला पंचवीस वर्षं होत आली, हा माणूस माझ्याशी थेट बोललेला नाही. भांडण नाही, राग नाही, काही नाही. आधी सासूबाई मध्ये असायच्या — ‘तिला विचार, चहा टाकतेय का’ — आणि मी समोर गाळणं हातात धरून उभी! त्या गेल्यावर नवऱ्यामार्फत. आता नवराही नाही. म्हणजे आम्ही दोघांनी भिंतीकडे बघत बसायचं.

शुक्रवार, ७

पहिली फेरी. अंग मोडून आलंय.

आधी ढमीची आंघोळ. तिथला नियमच आहे, धुतल्याशिवाय कुत्रं आत नाही. ती धुतली गेली की नाही देव जाणे, मी नखशिखान्त भिजले. मग नखं कापणं. मग तिथे पोचलो तर ही बया लिफ्टमध्ये पाय ठेवेना! ओढली, चुचकारलं, बिस्किट दाखवलं. बिस्किट खाल्लं आणि बाहेरच बसली. दुसरा मजला. माझा गुडघा! प्रत्येक पायरीला ‘आई गं’ म्हणत चढले आणि ती पुढे जाऊन वरून बघतेय, काय मेली एवढा वेळ लावतेय म्हणून.

आणि मॅनेजरबाईंचा दुसरा नियम — कुत्री आली की ओळीने सगळ्या खोल्यांत गेली पाहिजे. एक खोली सुटली तरी दोन दिवस रुसवेफुगवे चालतात म्हणे. सासऱ्यांची खोली अगदी शेवटची. विणकामवाल्या आजी ढमीला ‘ताई’ म्हणतात. त्यांची बहीण जाऊन किती वर्षं झाली! खोकणारे आजोबा तिला दर वेळी नव्याने विचारतात म्हणे, ‘तू कुणाची?’ आणि उत्तर मी द्यायचं. शेवटच्या खोलीत पोचेपर्यंत माझ्या अंगात बोलायचं त्राण उरलं नव्हतं. नाहीतरी बोलायचं कुणाशी?

सासरे खुर्चीत ताठ बसलेले. ढमी मांडीवर डोकं ठेवून मोकळी. माझ्याकडे पाहिलंही नाही. मी मोबाईल काढला.

मंगळवार, ११

ढमीला आता उपकार फेडायची लहर आलीय. एका खोलीतली चप्पल उचलायची आणि पुढच्या खोलीत नेऊन द्यायची. निघताना बघते तर सगळ्या मजल्यावर कुणाच्याच पायात जोड नाही! विणकामवाल्या आजींच्या पायात एक पुरुषी सपात. ‘ताईने दिली,’ म्हणून काढेचनात. अर्धा तास मी गुडघ्यावर रांगत पलंगांखाली चपला शोधल्या. मॅनेजरबाई दारात उभ्या राहून, ‘अहो, हे असं नाही चालायचं.’ जसं काही मीच पळवल्या!

शुक्रवार, १४

आज सासरे बोलले. ढमीशी.

एरवी ‘कान दाखव’, ‘पंजा दे’ एवढंच चालायचं. आज मी जिना चढून हाश्शहुश्श करत टेकले, फोनवर मैत्रिणीला माझी रामकहाणी सांगितली, तोवर ते ढमीचं डोकं खाजवत होते. मी फोन ठेवला तर ढमीला म्हणतात, ‘काय गं, गुडघ्याला तेल लावतेस की नाही? अंगावर काढू नकोस.’

मी बघतच राहिले. कुत्रीच्या गुडघ्याला तेल! उड्या मारत जिना चढणारी कुत्री! म्हटलं, झालं. हेही ताईवाल्या आजींच्या वाटेने निघाले.

मंगळवार, १८

आज तर कमाल. ‘पोर फोन करते का गं? की तूच करतेस दर वेळी?’

ढमीला पोर? तिला पिल्लंच झालेली नाहीत. ऑपरेशन सासऱ्यांनीच हौसेने करून आणलं होतं! मग म्हणाले, ‘दुपारी जरा पडत जा. सगळं घर एकटीने ओढायचं म्हणजे दमायला होतं.’ ढमी दुपारी पडते. सकाळीही पडते. संध्याकाळी तर माझ्याच सोफ्यावर पडते! मला हसावं की रडावं कळेना.

हसले नाही. भीती वाटली. एवढा काटेकोर माणूस. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, डोळ्याला भिंग लावून केसाएवढे स्क्रू फिरवले. निघताना मॅनेजरबाईंच्या कानावर घातलं. घालायलाच हवं होतं ना? उद्या काही झालं तर म्हणतील, सुनेला कळत होतं तरी बोलली नाही.

शुक्रवार, २१

मॅनेजरबाईंनी ऑफिसात बोलावलं. म्हणे, ‘बरं झालं सांगितलंत. मंगळवारी डॉक्टर तपासतील. तसं असेल तर तिसऱ्या मजल्यावर हलवू.’

तिसरा मजला मी पाहिलाय. दाराला बाहेरून कुलूप. खिडक्यांना जाळी. माणसं टीव्हीसमोर ओळीने बसलेली, टीव्ही बंद असला तरी. आणि तिथे कुत्र्याला मनाई.

‘अहो, पण कुत्री हाच एक त्यांना…’ म्हटलं. तर म्हणतात, ‘आणि मंगळवार-शुक्रवारची तुमचीही दगदग वाचेल.’ खोटं कशाला लिहू, क्षणभर वाटलं, सुटले! दुसऱ्या क्षणी स्वतःचीच लाज वाटली.

शेवटच्या खोलीत गेले तर ढमीला म्हणतात, ‘आज तोंड का उतरलंय?’ मला तिथे बसवेना.

शनिवार, २२

नवऱ्याचा फोन. ‘तू काय सांगितलंस त्यांना?’ म्हणजे वाईट मीच! तिथे बसून प्रश्न विचारायला काय जातंय. ‘मग तू ये आणि धू कुत्रीला,’ म्हटलं आणि ठेवला.

मंगळवार, २५

सगळं आवरून आत्ता लिहायला बसलेय.

डॉक्टर तरुण, बोलायला चांगला. मी आणि मॅनेजरबाई भिंतीला लागून खुर्च्यांवर, ढमी माझ्या पायाशी. सासरे डॉक्टरांशी घडाघडा बोलले. जगाशी बोलतात हो, माझ्याशीच तेवढं कुलूप! वार बरोबर, महिना बरोबर. शंभरातून सात-सात वजा करत गेले, कुठे अडखळले नाहीत. कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं तर काटे काढलेच, वर किल्लीही काढली. डॉक्टर हसले. मला हायसं वाटलं.

मग कागद बघून विचारलं, ‘आजोबा, तुम्ही कुत्रीला तिच्या गुडघ्यांबद्दल विचारता?’

‘हो.’

‘तिला मुलगी आहे असं वाटतं तुम्हाला?’

सासरे ढमीकडे बघायला लागले.

‘मग का विचारता?’

एक शब्द नाही. कान लालबुंद. मॅनेजरबाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. डॉक्टरांनी पेन उचललं. मला त्या क्षणी सासऱ्यांचा असा संताप आला! बोला ना, म्हटलं मनात. काहीतरी सांगा, नाहीतर नेतील वर! आणि तेवढ्यात त्यांची नजर वर आली. माझ्या हाताकडे. मी जिना चढून आल्यापासून गुडघा चोळत बसले होते. त्यांनी गुडघ्याकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

‘गुडघे माझे दुखतात हो!’ मी ओरडलेच.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ढमीसुद्धा.

‘माझे दुखतात. पोर माझी, शिकायला लांब आहे, मीच फोन करते दर वेळी. दुपारी मी पडत नाही. ते मला विचारतात! कुत्रीला नाही, मला!’ आणखी काय काय बोलले आठवत नाही. सासूबाईंचं सांगितलं, चहाचं, गाळण्याचं. मॅनेजरबाईंचं तोंड उघडं ते उघडंच. डॉक्टरांनी पेन खिशाला लावलं आणि सासऱ्यांना विचारलं, ‘असं आहे का?’ ते खिडकीकडे बघत राहिले. मग मान हलवली. एकदाच, अगदी जराशी.

कुठे हलवणार नाहीत त्यांना. आहे तीच खोली.

घरी येऊन आधी भांडी आपटली. एक वाक्य बोलले असते! कुलपात जायला तयार झाला हा माणूस, पण सुनेची चौकशी करतो हे चारचौघांत सांगायला नाही! आणि मी काय दिवे लावले? ते विचारत होते आणि मी मोबाईलमध्ये तोंड घालून बसले होते. वर मॅनेजरबाईंकडे जाऊन तक्रार केली, विचारतात म्हणून!

मग स्वयंपाकघरात खाली बसून रडले. ढमी येऊन चाटायला लागली. तिलाही ओरडले. मग तेल गरम केलं आणि लावलं गुडघ्याला.

शुक्रवार, २८

ढमीचा कान सुजलाय, पाण्याने. आंघोळीचा नियम करणाऱ्यांनी भरावं आता तिच्या डॉक्टरांचं बिल! आठवडाभर बाहेर न्यायचं नाही. ‘आज येत नाही’ म्हणून कळवायला फोन हातात घेतला आणि परत ठेवला.

एकटीच गेले. इतर कुठल्याच खोलीत मला कुणी बोलावलं नाही. सासऱ्यांनी माझ्या मागे दाराकडे पाहिलं, कुत्री येईल म्हणून. ‘कान दुखतोय तिचा,’ मी म्हटलं, ‘घरी आहे.’ आता दोघं भिंतीकडे बघत बसणार, असं वाटलं. मग त्यांनी शेजारच्या खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचललं, घडी घातली, मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले,

‘बस. लिफ्टने आलीस ना?’