कुमारसाठी टाळ्या

आबा,

‘वाजवा तुमी, नाव आमी लावतो.’ त्या कॅसेटवाल्याचं हे वाक्य तुमच्या लक्षात राहिलं होतं की नाही, कोण जाणे. मला ते त्याच्या आवाजासकट आठवतं. नगरला त्याच्या दुकानाच्या वरची ती खोली, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना उभ्या बांधलेल्या कापसाच्या गाद्या, आणि त्यातल्याच एकीला पाठ टेकून बसलेली मी. रविवारी आई शिवलेले कपडे पोचवायला जायची, म्हणून तुम्ही मला रेकॉर्डिंगला सोबत न्यायचात. तिथे माझ्यावर एकच बंधन होतं, खोकायचं नाही. तो माणूस अगदी गोड बोलत होता. देवाच्या कॅसेटी आहेत, म्हणाला, देवाला जाणारं गिऱ्हाईक घेतं, कव्हर उलटंपालटं करून सगळं वाचतं आणि आडनावापाशी अडतं. आपली जात त्यानं उच्चारली नाही. यंदा पाऊस कमी आहे असं सांगावं तसं त्यानं सांगितलं आणि तुमच्यासाठी चहा मागवला. तुम्ही हसलात. ‘लावा की, नावाला कोन ऐकतंय,’ म्हणालात. कुणी उपकार केल्यावर माणूस जसं हसतो, तसं ते हसू होतं. त्या खोलीतलं बाकी सगळं मी विसरू शकले असते. ते हसू विसरता येत नाही.

आज लिहायला बसले त्याला कारण सोनईची एक बाई आहे. तिच्या वडलांचं देवस्थानाच्या रस्त्यावर कॅसेटींचं दुकान होतं. दुकान बंद पडलं, वडील गेले, आणि पोत्यांत भरून ठेवलेल्या जुन्या कॅसेटी ती आता एकेक करून इंटरनेटवर टाकते. त्यातल्या बऱ्याचशा तुमच्या आहेत. म्हणजे तुमच्या कशा म्हणू? कव्हरवर गायक आहे, कवी आहे, ढोलकीवाला आहे, आणि ‘गिटार’ या शब्दापुढे एक गोंडस नाव आणि त्याला जोडलेलं कुमार. आडनाव नाही. खाली लोक विचारतायत, हे कुमार कोण, आता कुठे असतात. मला राहवलं नाही, मी तिला फोन केला. ‘अगंबाई, कुमार म्हंजे तुमचे वडील व्हय?’ ती म्हणाली. ‘मग खरं नाव सांगा ना ताई. मी समद्या गाण्यांखाली टाकते. लोक लई इचारत्यात.’ मी म्हटलं, थोड्या दिवसांनी सांगते. बापाचं नाव सांगायला दिवस कशाला लागतात, असं ती विचारू शकली असती; तिनं विचारलं नाही. तुम्हाला मात्र कारण माहीत आहे. मी तुम्हाला शब्द दिलेला आहे.

नागापूरच्या कारखान्यात तुमच्या शेजारच्या लेथवर एक ख्रिस्ती गृहस्थ होते. त्यांनी तुम्हाला ती परदेशी कॅसेट दिली, अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्यांची. ब्लूज म्हणतात, हेही त्यांनीच सांगितलं. तुम्हाला इंग्रजी कळत नव्हतं, पण कॅसेट मागे-पुढे करून करून तुम्ही तिची फीत जवळजवळ झिजवलीत. कुठल्याशा मोडलेल्या ऑर्केस्ट्रातली गिटार आणलीत. लेथवर पितळेची एक नळी कातून घेतलीत. ती करंगळीत घालून तारांवरून सरकवली की स्वर माणसाच्या गळ्यातून निघाल्यासारखा ओढत वर जायचा. हे सगळं स्वयंपाकघरात, कारण प्लग तिथेच होता. आई पीठ मळता मळता म्हणायची, ‘त्याला नेमकं कुटं दुखतंय ते बघा आदी.’ तुम्ही हसायचात आणि मला त्या गाण्यांच्या गोष्टी सांगायचात. ‘ह्यो गानारा आंधळा हाय म्हनं. पन गान्यात मदीच सोताचं नाव सांगतो बघ, मी अमका, मी तमका.’ केवढ्या कौतुकानं सांगत होतात. आपल्याकडच्या गाण्यातही शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव गुंफतो, हे तुम्हाला लहानपणापासून पाठ. दोन्हीकडून तुम्ही सगळं घेतलंत, आबा, आणि दोन्हीकडचं नेमकं तेवढंच सोडून दिलंत.

नव्वदनंतरची काही वर्षं त्या दुकानातून देवाची एक कॅसेट तुमच्या गिटारीशिवाय निघाली नाही. सगळे वादक एकदम बसायचे, गायक काचेपलीकडे, आणि एकाचं चुकलं की सगळ्यांनी पहिल्यापासून. कॅसेटवाला दारातून डोकं घालून सांगायचा, ‘नळी लावा, जरा रडवा. भक्त रडला पायजे.’ तुम्ही रडवायचात. परक्या मुलखात कापसाच्या शेतात राबलेल्या त्या काळ्या माणसांचं रडणं तुम्ही त्याच्या देवाच्या पायाशी नेऊन घालायचात. तुम्ही देवांसाठी वाजवलंत याचा मला राग नाही. देवळाचा दरवाजा करणाऱ्या सुताराला कुणी विचारत नाही की तुझा विश्वास आहे का. मला किळस येते ती तुमच्या खुशीची. मी तुमच्या तोंडाकडेच बघत बसायची, खोकायचं नसल्यामुळे दुसरं काही करायला नव्हतं. वाजवलेलं परत लावून दाखवलं की तुम्ही डोळे मिटून ऐकायचात आणि म्हणायचात, ‘अजून एकदा लावा.’ फितीवर आपला हात ऐकायला मिळावा, एवढ्यावर तुम्ही स्वतःला देऊन टाकलंत. आणि घेणाऱ्याला घरी येऊन मनानं मोठा माणूस म्हणत राहिलात.

मग आपल्या जयंतीच्या गाण्यांची कॅसेट आली. ती त्याच दुकानातून निघाली. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं की तुम्ही घरी गिटार वाजवता. कॅसेटीत वाजवता हे तुम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं. मी आठवीत असेन. या कॅसेटवर तरी तुमचं खरं नाव असणार, याबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती. आडनावापाशी अडणारं गिऱ्हाईक इथे कुठून येणार? त्यातली गिटार माझ्या आबांची आहे, असं मी मैत्रिणींना सांगत सुटले. विहारापुढच्या मांडवात समितीचे अध्यक्ष माईकसमोर उभे आहेत, हातात कॅसेटचं कव्हर. एकेक नाव वाचतात, प्रत्येक नावाला टाळ्या पडतात. मी आईचा पदर ओढून तिला सावध करते. ‘गिटार,’ ते वाचतात, आणि पुढे कुमार येतो. मागून एक म्हातारा विचारतो, ‘ह्यो कोन कुमार? पुन्याचा हाय का?’ अध्यक्ष म्हणतात, ‘कुटला का असंना, वाजिवलंय मातर झ्याक.’ लोक हसतात, टाळ्यांचा कडकडाट होतो. आणि पुढून दुसऱ्या रांगेत, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, तुम्हीही टाळ्या वाजवता. चार लोकांबरोबर वाजवाव्यात तशा नुसत्या नाही, हात वर धरून. माझी मैत्रीण माझ्याकडे वळून बघते आणि फक्त एक शब्द बोलते, ‘खोटारडी.’ पुढची दोन-तीन वर्षं शाळेत तो शब्द माझ्यामागे होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही ताट घेऊन बसलात. आईनं गरम भाकरी हातात तशीच धरून विचारलं, ‘कुमारला वाढू का तुमाला?’

‘काय बोलतीस पोरीपुढं,’ तुम्ही म्हणालात.

‘पोरीलाच खोटी पाडलीत तुमी. त्यानं छापलं का तसं?’

तुम्ही ताट जरा पुढे सरकवलंत. ‘न्हाई,’ म्हणालात. ‘त्यानं इचारलं हुतं, ह्याच्यावर खरं टाकू का म्हनून. मीच नको म्हनलो. हात एकच हाय हे कुनी वळखलं, तर उद्या श्रावनातलं देवाचं काम जायाचं.’

तव्यावरची भाकरी करपली तरी आई उठली नाही. तोवर माझा सगळा राग त्या कॅसेटवाल्यावर होता, आणि तो सोपा राग होता. त्या सकाळी तो जागचा हलला आणि तुमच्यापाशी येऊन बसला. आईनं तिच्या पद्धतीनं मिटवलं. त्या दिवसापासून ती तुम्हाला कुमारच म्हणायला लागली. ‘कुमार, नळाला पानी आलंय.’ ‘कुमार डबा इसरून गेले वाटतं.’ पाहुण्यांना वाटायचं, लाडानं म्हणते. तुम्ही तेही हसून घेतलंत.

संध्याकाळी तुम्ही गिटार घेऊन माझ्याजवळ आलात. म्हणालात, नाव आहे की त्यात, शेवटच्या कडव्याच्या आधी नीट ऐक. आणि नळी लावून तो एवढासा तुकडा वाजवलात. मिरजगावच्या रानात तुमची आई तुम्हाला जेवायला हाक मारायची, नावाचं पहिलं अक्षर लांबवून, आणि शेवटचं झटकन खाली आणून, ती हाक. देवाची कॅसेट असो की आपली, प्रत्येक गाण्यात शेवटच्या कडव्याआधी तुम्ही ती ठेवलेली होती. मी विचारलं, ‘हे कुणाला कळणार?’ तुम्ही म्हणालात, ‘तुला कळलं ना.’ मला तेव्हा भरून यायला हवं होतं बहुतेक. मला ती पळवाट वाटली, आणि आज या वयातही तीच वाटते. चोरून लिहिलेलं नाव, तेही अशा अक्षरात की वाचणारी फक्त घरातली एक पोरगी. अख्ख्या दुनियेतलं तुमचं नाव तुम्ही एकट्या माझ्या कानात ठेवलंत आणि मोकळे झालात.

त्यानंतर फार दिवस चाललं नाही. कॅसेटवाल्याच्या पुतण्यानं कीबोर्ड आणला, त्यात बटण दाबलं की गिटार निघायची. नळीसारखी नाही, पण भक्तांना फरक कळेना. कॅसेटवाला तुम्हाला म्हणाला, ‘या कधीमधी चहाला.’ एवढ्या वर्षांचा शेवट तेवढाच, आणि आबा, तुम्ही खरोखर चहाला जात राहिलात. नंतर आजारी पडलात. मी तेव्हा म्हटलं होतं, त्याच्याकडून लिहून घेते, की हे सगळं तुम्ही वाजवलंय. तुम्ही घाबरलात. ‘माझ्या मागं ते उकरू नको. देवाच्या कॅसेटी हायेत त्या, आपल्या लोकांला काय वाटंल? कुमार मेला, त्याला तसाच ऱ्हाऊ दे. शब्द दे.’ म्हणजे त्यांना तुमचं आडनाव चालणार नाही, आणि आपल्यांना ते देव चालणार नाहीत. दोन्हीकडच्यांना भिऊन तुम्ही मधे हा एक कुमार उभा केला होतात. मी शब्द दिला. तुमचा हात माझ्या हातात होता आणि बोटांच्या टोकांवरचे तारांचे घट्टे अजून गेले नव्हते, म्हणून दिला. दुसरं काही कारण नव्हतं.

आता त्या गाण्यांखाली लोक लिहितात, दैवी हात. कुमारजींना साष्टांग नमस्कार. एकानं लिहिलंय, अशी बोटं पूर्वपुण्याईशिवाय मिळत नाहीत. साबणानं कितीही घासली तरी ज्यांच्या नखांतलं कारखान्याचं वंगण जात नव्हतं, ती बोटं. मी वाचते आणि एकटीच हसते, फार चांगलं हसू नसतं ते. मला तुमचं नाव तिथे लिहून बघायचंय, यातले किती नमस्कार आडनावापाशी अडतात ते. आणि जयंतीच्या कॅसेटीखाली लिहायचंय, ती मैत्रीण अजून आपल्याच गल्लीत राहते म्हणून. ही काही उदात्त कारणं नाहीत. तुमच्याविषयी प्रेम वगैरे म्हणून मी हे मागतेय, असं समजू नका.

एक मात्र सांगते. ती जयंतीची कॅसेट किती वेळा ऐकली गेली याचा आकडा तिथे दिसतो. सोनईच्या त्या बाईला वाटतं, लोकांना फार आवडलेली दिसते. त्यातलं निम्मं ऐकणं माझं आहे. गाणं मी ऐकतच नाही, सरळ शेवटच्या कडव्याच्या आधी जाते, तेवढा तुकडा ऐकते आणि परत मागे घेते. चिडून ऐकते, असं स्वतःला सांगते.

हे पत्र कुठेच जाणार नाही, ते मला कळतं. सोनईला फोन मात्र करावा लागेल. त्याआधी तो शब्द मला परत द्या. तुम्ही हसाल आणि ‘ऱ्हाऊ दे की’ म्हणाल, दुसरं काही तुम्हाला कधी म्हणताच आलं नाही. तरी मागते. मांडवात तो म्हातारा अजून विचारतोय, ह्यो कोन कुमार. आबा, या वेळी टाळ्या नका वाजवू. हात वर करा.