गाळलेलं गाणं

४ जून, रविवार
पहाटेच्या एसटीनं लातूरहून नांदेड. अहमदपूरला बसायला जागा मिळाली, बरं वाटलं. आठवडाभर क्लासला फिजिक्स शिकवून घसा बसलाय, पण मला गिटारच वाजवायची आहे. विष्णुपुरीच्या होस्टेलात जमलेल्या आमच्या बँडची कॅसेट खरंच होऊन राहिली! स्टुडिओ भजनांचा. मालक काका भला माणूस. ड्रमचा आवाज घुमतो म्हणून घरातल्या गाद्या आणून भिंतीला लावल्या.

आमची गाणी लिहिणाऱ्या, गाणाऱ्या सुधीरनं सातवं गाणं म्हणून दाखवलं. भूकंपाचं. ढिगाऱ्याखालून एक बाई हाका मारते. त्याचा आवाज असा कधी लागला नव्हता. विलासनं बेस खाली ठेवला. त्याची ताई औशाकडं दिलेली, भूकंपात गेली.
"माझी ताई तुझ्या कॅसेटसाठी न्हाई मेली."
सुधीर : "तिच्यासाठीच लिवलंय, विल्या."
विलास उठून बाहेर. मी तारा जुळवत बसलो.

५ जून
क्लास. पोरं बाकांवर मावेनात, मागची रांग जमिनीवर. फळ्यावर दोनदा चुकीचं सूत्र लिहिलं. डोक्यात विलासचा चेहरा.

११ जून, रवि.
आज बोललो. "गाणं गाळू." ड्रमवाला अन्वर माझ्या बाजूनं. सुधीर म्हणाला, "सगळ्यात चांगलं तेच हाय. ठावं हाय ना तुला?"
ठाऊक आहे. म्हणून तर आठवडा गेला.
उरलेली सहा त्यानं हजेरी घेतल्यासारखी म्हटली. अन्वर तालात पळत सुटला, मी मागं पडलो. विलास तेवढा कुठंच चुकला नाही. रेकॉर्डिंग दुपारीच आटोपलं. सुधीर काकांच्या पाया पडला अन् आमच्याशी न बोलता उमरीला, घरी.

२३ जुलै
कॅसेट येऊन आठवडा झाला. आई कंधारहून आलीय, तिला ऐकवली. "चांगलं हाय रे. पर कुणाचंच मन न्हाई त्यात." आई तोंडावर खरं बोलते, उपकारच तिचे. दुसरी बाजू मलाच ऐकवेना. दुकानदारानं पुढं मांडली होती, चार दिवसांत मागं गेली.
तरी कव्हरवर चौघांची नावं आहेत, एका ओळीत. सारखी काढून वाचतो.

६ ऑगस्ट
विलासला लातुरात नोकरी लागली. नव्या खोलीतून सरळ माझ्याकडं आला, त्याच्या आईनं दिलेले धपाटे घेऊन.
"त्या दिवशी तू बोललास. लई बरं झालं."
डबा माझ्यापुढं सरकवला. मग —
"पर एक सांगतो. भूकंप झाला तवा सुध्या माझ्यासंगं आला होता, ताईला ढिगाऱ्यातनं त्यानंच काढलं. निसत्या हातांनी. माझे हातच चालंनात. ती हाका मारून राहिली होती. काढेस्तोवर संपली."
मी तेव्हा काविळीनं कंधारला पडून. मला कुणी सांगितलंच नाही. म्हणजे गाण्यातली हाक सुधीरनं स्वतः ऐकलेली.
"मग स्टुडिओत बोलला का न्हाईस?"
"तो तरी कुठं बोलला?"
विलास गेल्यावर धपाटा खाल्ला. रडू आलं. असे दोघं माझ्या वाट्याला, अन् मी आजवर फक्त सूर मोजत होतो.

१३ ऑगस्ट
उमरी. सुधीर ओसरीवर पोरांना गणित शिकवत होता. मला बघून उठला, पाणी आणलं. त्याच्या आईनं जेवल्याशिवाय सोडलं नाही.
म्हणालो, "मला ठाऊक नव्हतं रे. विलासनं सांगितलं."
ताटातली बोटं थांबली. "तू चुकला न्हाईस. त्याची बहीण होती." मग भाकरी मोडत, "पर मी बी चुकलो न्हाई."
बँडचं नाव दोघांनीही काढलं नाही. स्टँडपर्यंत सोडायला आला. गाडी लागल्यावर म्हणाला, "विल्या नीट जेवतो का?"
"तूच इचार की."
त्यानं खिशातला पेन काढला. "पत्ता सांग." कागद नव्हता, तळहातावर लिहून घेतला. हात घामेजला होता. घरी पोचेस्तोवर पत्ता किती राहिला असेल, कोण जाणे.