आधी अध्यक्ष, मग आरती

५ ऑगस्ट
मंडळाच्या वेबसाइटचं काम अखेर माझ्याकडे. वरच्या मजल्यावरचा राजरत्न सॉफ्टवेअरमध्ये आहे, तरी मलाच मिळालं. त्याने हसून अभिनंदन केलं. हसायचं कारण काय?
दिवाळीनंतर चाळ पाडणार. गिरगावातला आमचा हा शेवटचा गणपती. आमच्या खोलीची आरती यंदा अप्पांना स्वतः करायचीय. प्रत्येक खोलीचा दिवस या वेळी फक्त साइटवर बुक होणार. म्हणजे वडिलांचं काम झालंच.

९ ऑगस्ट, सकाळ
रूटिंग जमलं. कुणी पत्ता टाकला की सर्व्हर माझी यादी वरून खाली बघतो, जो पहिला जुळेल त्याचं पान उघडतो. यादी निमंत्रणपत्रिकेच्या क्रमाने लावली: आधी अध्यक्ष माधवकाका, मग उपाध्यक्ष, विश्वस्त, शेवटी आरतीची नोंदणी. काकांचं नाव इंग्रजीत लोक कसंही लिहितात, म्हणून त्यांच्या ओळीत 'काहीही चालेल' अशी खूण टाकली. अध्यक्षांकडे आलेला माणूस परत जाता कामा नये. हे कोर्समध्ये शिकवत नाहीत.

१४ ऑगस्ट
साइट सुरू. आरतीचं बटण दाबलं की माधवकाकांचं मनोगत उघडतं. फोटो दाबा, मनोगत. संपर्क दाबा, मनोगत. काका खूश आहेत. मला हॅकिंगचा संशय. पासवर्ड बदलला.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनाला राजरत्न कानाशी येऊन म्हणाला, अरे शंतनु, वरची ओळ उचल आणि तळाला टाक, बास, सगळं चालू होईल. माझी यादी न बघता याला वरची ओळ कशी कळली? शिवाय अध्यक्षांना तळाला घातलं की बोंब माझ्या नावाने. डाव ओळखला. पासवर्ड पुन्हा बदलला.

१८ ऑगस्ट
कालिंदी म्हणते, करून तर बघ एकदा. बायकोही फितूर. राजरत्नच्या घरून अळूवडी आली होती, तेव्हाच समजायला हवं होतं. मी हात लावला नाही. दोनच खाल्ल्या.

२१ ऑगस्ट
मनोगताला तुफान व्हिजिटर. आरतीबद्दल एकही तक्रार नाही. अप्पा रोज विचारतात, आपला दिवस कुठला रे? सांगितलं, सिस्टीम लावतेय.

२४ ऑगस्ट
तक्रार का नाही ते कळलं. माधवकाकांनी आपल्या दारावर आरतीच्या दिवसांचा कागद चिकटवला होता. बाकी सगळ्या खोल्यांनी नावं लिहिली, कागद भरला. मला कुणी बोललं नाही. कालिंदी म्हणते, मी बोलले होते, तू अफवा म्हणालास.
इस्त्री केलेलं धोतर अप्पांनी कपाटात परत ठेवलं. मला फार वाईट वाटलं.

२ सप्टेंबर
राजरत्नने आपली आजची आरती अप्पांना दिली. कशासाठी, ते अजून कळलेलं नाही. अप्पांना ताट पेलवेना, तर त्याने खालून हात दिला. मी लांबून त्याच्यावर नजर ठेवून होतो. आरती संपल्यावर अप्पांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ. तिथे मी असायला हवं होतं.
घरी आल्यावर दार लावून घेतलं. वरची ओळ तळाला टाकली. आरतीची नोंदणी लगेच उघडली. सगळे दिवस रिकामे. अप्पांच्या नावाने आजचा दिवस बुक केला. झाला.